रिकामटेकडे कोण?

फूटपाथवर निजलेला मनुष्य रिकामटेकडा असतो, हा समज आपल्या सुशिक्षित समाजाने इतक्या निष्ठेने जपला की एकेकाळी त्याला कायद्याचेच रूप मिळाले. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटावे अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणे, हेही १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्यातच जमा केले. तो कायदा दिल्लीलाही लावण्यात आला. भीक मागण्याला गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे तेथील उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती रद्द केली ती २०१८ साली. पण साधन ‘दृश्य’ नाही म्हणजे कोणाला दिसत नाही?

जुन्या दिल्लीत गोण्या वाहणारे, हातगाड्या ओढणारे आणि लग्नसराईत आपली उष्टी भांडी घासणारे कित्येक हात बेघरांचेच असतात. काम आहे, मजुरी, तुटपुंजी का होईना, मिळते. ती टिकत नाही. चूल नाही म्हणून प्रत्येक घास विकतचा. आंघोळीचे पैसे निराळे. थंडीत जामा मशिदीच्या परिसरात खाट आणि रजई रात्रीपुरती भाड्याने मिळते, म्हणजे झोपेचेही भाडे भरावे लागते. उरलेले चार पैसे उशाखालून जातात. बँकेत ठेवावेत तर कागद हवेत, आणि कागद सांभाळायला कुलुपाची पेटी हवी. अशा माणसाला काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी एकदा हा जमाखर्च स्वतः मांडून पाहावा.

उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ सालीच सांगितले. ही माणसे कामाजवळ राहता यावे म्हणून तेथे राहतात, हेही न्यायालयाने ओळखले. आणि तरीही त्यांना हटविण्याचा पालिकेचा अधिकार शाबूत राहिला. हक्क मान्य, जागा अमान्य!

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. त्यांपैकी नऊ लाखांहून अधिक शहरांत होते. २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यात माणशी ५० चौरस फूट जागेचा दंडक घातला. कागदावर शब्दांचा तोटा आपल्याकडे कधीच नव्हता.

आता तक्रार अशी ऐकू येते की, निवारे बांधले तरी हे लोक तेथे येत नाहीत. का यावे? पहाटे जेथे मजुरी मिळते तेथून निवारा कोसभर दूर असेल, तर त्या दिवसाची रोजी बुडते. बायकामुलांना एका दारी आणि बापाला दुसऱ्या दारी पाठविणार असाल, तर कोणते कुटुंब तेथे वळेल? आणि हातगाडीवाल्याने आपली गाडी कोठे लावावी? बहुधा ती भाड्याची. रात्रीतून गेली तर मालक भरपाई त्याच्याकडूनच वसूल करणार. म्हणून तो गाडीवरच, चाकाला साखळी गुंडाळून निजतो, आणि सकाळी फिरायला निघालेले आपण त्याला आळशी म्हणून पुढे जातो.