बळ वाढले, चढण मात्र तेवढीच!

जुलै २०२३ मध्ये 'ब्लिझार्ड एंटरटेनमेंट' या अमेरिकी कंपनीवर आपल्याच ग्राहकांसमोर नमते घेण्याची वेळ आली. 'डायब्लो ४' हा तिचा गेम बाजारात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. १८ जुलैला कंपनीने गेममध्ये काही फेरबदल केले आणि शेकडो तास खर्चून वाढविलेली खेळाडूंची पात्रे एका रात्रीत दुबळी झाली. वर्मी बसणाऱ्या घावांचा जोर घटला. एकदा वापरलेले कौशल्य पुन्हा हाती येण्यास अधिक वेळ लागू लागला. जगभरातून संतापाचा सूर उमटला आणि तिसऱ्याच दिवशी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी थेट प्रक्षेपणात, असे फेरबदल पुन्हा केले जाणार नाहीत, अशी ग्वाही दिली.

वरवर पाहता हा हौशी मंडळींचा रुसवा वाटेल. परंतु त्यामागे या व्यवसायातील एक जुना आणि अद्याप न सुटलेला पेच आहे. 'अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग' प्रकारच्या गेममध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, राक्षसांशी लढतो, अनुभव व शस्त्रे कमावतो आणि त्या बळावर अधिक मोठ्या राक्षसांना सामोरा जातो. पात्राचे बळ वाढत गेले पाहिजे, तसेच आव्हानही टिकले पाहिजे. बळ पुढे गेले, तर खेळ कंटाळवाणा होतो. आव्हान पुढे गेले, तर खेळाडू वैतागतो. आणि दोन्ही नेमके समान वेगाने वाढले, तर वाढीला अर्थच उरत नाही.

१९९७ च्या प्रारंभी दुकानांत आलेल्या पहिल्या 'डायब्लो'ने आणि २००० सालच्या 'डायब्लो २'ने या पेचावर सरळ उपाय योजला होता. तेच कथानक क्रमाने तीन काठिण्यपातळ्यांवर खेळायचे. राक्षसाची ताकद त्या त्या पातळीवर ठरलेली असे. आज ज्याने धूळ चारली, त्याला चार दिवसांनी अधिक तयारीने येऊन लोळविता येई. आपण किती पुढे आलो, हे मोजण्याचा मैलाचा दगड जागच्या जागी उभा होता.

२००६ मध्ये 'बेथेस्डा' कंपनीच्या 'ऑब्लिव्हियन'ने हा दगडच चालता केला. खेळाडूने कोठेही, कोणत्याही क्रमाने जावे आणि सर्वत्र त्याला जोडीचा प्रतिस्पर्धी मिळावा, या हेतूने त्यातील बहुतेक शत्रू खेळाडूच्या पातळीनुसार बलवान होत. हेतू चांगला, परिणाम मात्र हास्यास्पद झाला. खेळाडूची पातळी पुरेशी वाढली, की आडवाटेवरचे किरकोळ लुटारूही दुर्मीळ, मौल्यवान चिलखते घालून समोर येत. त्याच कंपनीने २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये निरनिराळ्या प्रदेशांना किमान व कमाल मर्यादा घालून यातून मार्ग काढला.

तरीही ही पद्धत टिकून राहिली, कारण तिचे लाभ खरे आहेत. नवखा आणि मुरलेला खेळाडू एकत्र खेळू शकतात. जुना प्रदेश ओसाड पडत नाही. 'डायब्लो ४'मध्येही राक्षस खेळाडूसोबत वाढत होते. मात्र पातळी वाढताच चांगल्या शस्त्रांअभावी आपण आधीपेक्षा दुबळे झाल्यासारखे वाटते, ही तक्रार तेथे वारंवार झाली. जुलैच्या फेरबदलांनी या जखमेवर मीठ चोळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने रचनाच बदलली. पातळीची कमाल मर्यादा १०० वरून ६० वर आणली आणि त्यापुढील काठिण्याचे टप्पे खेळाडूने कसोटी पार करून खुले करावेत, असे ठरविले.

हा केवळ रचनेचा प्रश्न असता, तर तज्ज्ञांवर सोपवून देता आला असता. परंतु काठिण्य आणि पैसा यांची गाठ पडली, की त्याचे स्वरूप पालटते. त्याचा धडा 'डायब्लो ३'ने दिला. १५ मे २०१२ रोजी आलेल्या या गेमच्या पहिल्याच आठवड्यात ६३ लाख प्रती गेल्या, असे कंपनीने जाहीर केले होते. त्यातील 'इन्फर्नो' ही सर्वोच्च पातळी इतकी कठोर होती, की तेथे टिकण्याजोगी शस्त्रे स्वतःच्या लढाईतून मिळणे बहुतेकांना दुरापास्त झाले. पुढच्याच महिन्यात गेममध्ये खऱ्या पैशांचे लिलावघर उघडले. तेथे एखादी तलवार २५० डॉलरपर्यंत विकता येई आणि प्रत्येक शस्त्राच्या विक्रीमागे कंपनी एक डॉलर घेई.

बाहेरच्या चोरट्या व्यापारात खेळाडू फसविले जातात, त्यांना सुरक्षित बाजार द्यावा, अशी कंपनीची भूमिका होती आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. परंतु भिंत बांधणारा आणि शिडीच्या विक्रीवर दलाली घेणारा एकच असला, म्हणजे भिंतीच्या उंचीविषयी शंका येणारच. राक्षस मारण्यापेक्षा लिलावघर चाळणे अधिक लाभाचे ठरू लागले. यामुळे गेमचा गाभाच पोखरला जातो, हे अखेर कंपनीने मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद केले. त्याच सुमारास शस्त्रे मिळण्याचे प्रमाण सुधारले आणि काठिण्य निवडण्याची मुभाही खेळाडूला दिली. गेमची घसरलेली पत त्यानंतरच सावरली.

पुढे त्याच गेममध्ये अखंड चढत जाणाऱ्या पायऱ्या आल्या. प्रत्येक पायरीवर राक्षसांची प्राणशक्ती १७ टक्क्यांनी वाढे. १७ टक्के ही वाढ किरकोळ वाटते. पण चक्रवाढीचा हिशेब केला, तर १० पायऱ्यांत ती पावणेपाच पटींच्या पुढे जाते आणि १०० पायऱ्यांत सुमारे ६५ लाख पट होते. राक्षस असे फुगले, की शस्त्रेही फुगवावी लागतात. पडद्यावर अब्जांचे आकडे झळकतात, पण लढाई तीच राहते. घाण्याचा बैल दिवसभर चालतो. अंतर पुष्कळ कापतो, पोचत कोठेच नाही.

लिलावघर गेले तरी मोह गेला नाही. जून २०२२ मध्ये मोबाइलवर आलेल्या 'डायब्लो इम्मॉर्टल'मध्ये पात्राचे बळ वाढविणाऱ्या रत्नांची वाट पुन्हा थेट पाकिटातून काढण्यात आली. पैसे मोजून नशीब आजमावण्याच्या अशा पद्धतींविरुद्ध कडक भूमिका असलेल्या बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो गेम उपलब्धच करण्यात आला नाही. २०१२ मध्ये निदान दुसऱ्या खेळाडूने मिळविलेली तलवार विकली जात होती. येथे विक्रेती कंपनीच होती.

याउलट, फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या जपानच्या 'फ्रॉमसॉफ्टवेअर'च्या 'एल्डन रिंग'मध्ये काठिण्य निवडण्याची सोयच नाही. तो अतिशय कठीण आहे; पण एखादा शत्रू भारी पडला, तर खेळाडू दुसरीकडे जाऊन बळ मिळवून परत येतो, आणि शत्रू तेथेच, तेवढाच असतो. जून २०२४ मधील त्याच्या पुरवणी भागावरही अति कठीण असल्याची टीका झाली. तेव्हा त्या प्रदेशात शोधून मिळवावयाच्या वरदानांचा सुरुवातीचा प्रभाव वाढविण्यात आला. म्हणजे मदत झाली ती खेळाडूच्या कष्टाला अधिक फळ देऊन. त्यासाठी पाकिटात हात घालावा लागला नाही.

गेम सोपा असावा की कठीण, हा अखेर आवडीचा प्रश्न आहे. निर्मात्यांना समतोल साधण्यासाठी एखादे अस्त्र बोथट करावे लागते, हेही मान्य करावयास हवे. परंतु या गेममध्ये पात्राचे बळ म्हणजे खेळाडूने वेचलेल्या तासांची साठवण असते. ती कोणत्या हिशेबाने वाढते, कधी घटते आणि विकत मिळते की नाही, हे त्याला आधी कळलेच पाहिजे. नोकरी-अभ्यासातून उरलेले दोन तास घेऊन जो पडद्यासमोर बसतो, तो पराभवाला भीत नाही. काल जिंकलेले आज अकारण हिरावले जाऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. 'डायब्लो ४'च्या निर्मात्यांना जुलै २०२३ मध्ये ती तीन दिवसांत समजली. ती तीन वर्षे टिकेल अशी व्यवस्था उभी करणे, ही या उद्योगाची खरी कसोटी आहे.