आधी ऐकवा, मग कान तपासा



माझी मावसबहीण एफ.वाय.ला आहे. राहायला वरसे गावात, एस्टीनं कॉलेजात जाते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात लावणी केली. बाप धाटावला कंत्राटी कामाला. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच.

ह्या पावसाळ्यात तिची इंग्रजीची परीक्षा झाली. ऐकण्याची आणि लिहिण्याची. ऐंशी पोरं एका वर्गात कोंबलेली. पुढं टेबलावर एक स्पीकर. वर पंखे खडखडतायत, पत्र्यावर पावसाची झड. स्पीकरमधून कोण एक परदेशी बाई बोलली. कुठल्या तरी लायब्ररीचे नियम सांगितले, वेळा सांगितल्या, आणि थांबली. आता वीस प्रश्नांची उत्तरं लिहा. पोरं म्हणाली, सर, परत एकदा लावा. सर म्हणाले, नियम आहे, एकदाच.

पोरगी घरी आली ती तोंड पाडून. वीसपैकी चार. मला म्हणाली, "दादा, मला कायच नाय कळला. ती बाई बोलत होती का गाणा म्हणत होती, तेवढा पण नाय कळला." आणि मग जे बोलली ते अजून माझ्या डोक्यात घण घालतंय. "आपला कानच तसला नसंल रे."

आपला कानच तसला नसंल! अठरा वर्षांच्या पोरीला एका परीक्षेनं हे शिकवलं. इंग्रजीचा एक शब्द शिकवला नाही, पण हे मात्र पक्कं शिकवलं. म्हणून हा लेख.

मी भाताच्या गिरणीत काम करतो. बारावीच्या पुढं कॉलेज बघितलं नाही. जे वाचलं ते रात्री, आपलं आपण. गिरणीत माझा कान हेच माझं मीटर. रबर रोल झिजला की भात भरडण्याचा आवाज बदलतो. पट्टा घसरायला लागला की ते आधी कानाला कळतं, डोळ्याला मागून. मालकाला कळत नाही, मला कळतं. हे कोणी वर्गात शिकवलं? रोज दहा-दहा तास त्या आवाजात उभा राहिलो म्हणून आलं. कामावरच्या पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली असती तर मीसुद्धा वीसपैकी चारच.

कान कुणाचाच जन्मतः तयार नसतो. तो ऐकून ऐकून तयार होतो. ज्या घरात बाप फोनवर इंग्रजीत बोलतो, आई इंग्रजी सिनेमा बघते, त्या घरातलं पोर दूध पिता पिताच कान तयार करतं. पुढं परीक्षेत ते 'हुशार' ठरतं. आणि जिच्या घरात रात्रंदिवस धान्याची, उधारीची, रेशनची बोली, ती 'कच्ची' ठरते. मार्क पोरीच्या नावावर पडतात आणि परीक्षा तिच्या घराची झालेली असते. एवढी साधी गोष्ट गिरणीतल्या कामगाराला कळते ती डिग्र्यांची माळ घातलेल्यांना कळत नाही का? चांगली कळते.

आता आपल्या कानाचा इतिहास बघा. भाषणात आपण ठोकून देतो, की शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं ओता असं मनुस्मृतीत लिहिलंय. दोस्तहो, नीट वाचा. ते गौतमाच्या धर्मसूत्रात आहे. तिथं कथील आणि लाख वितळवून ओतायला सांगितलंय. वेद उच्चारला तर जीभ छाटायची. लक्षात ठेवला तर शरीर चिरायचं. ऐकणं, बोलणं, लक्षात ठेवणं. म्हणजे शिक्षणाच्या एकेका पायरीवर एकेक शिक्षा. वेदाचं दुसरं नावच श्रुती, ऐकलेलं. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या ऐकण्यालाच बंदी, त्यांच्या पोरीला तुम्ही आज विचारता, तुला ऐकू का येत नाही?

कोण म्हणेल, जुनी मढी कशाला उकरता? मग जवळचं सांगतो. हे रोहं म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं रोहं. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५६ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. विद्वान माणूस, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्याच मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक भीमराव आंबेडकर १९०७ ला पास झाले, तेव्हा त्यांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नव्हतं. फारसी घ्यावी लागली. एकाला संस्कृतचं बक्षीस, दुसऱ्याला संस्कृतची बंदी. निकालाच्या कागदावर बंदी कुठंच दिसत नाही. तिथं फक्त मार्क दिसतात. परीक्षेची हीच खुबी आहे. आधी दार लावून घ्यायचं, आणि मग आत कोण आलं नाही त्याची यादी भिंतीवर डकवायची.

ही युक्ती फक्त इथल्या भटशाहीची नाही. १९०१ साली ऑस्ट्रेलियानं कायदा केला. काळ्या-पिवळ्या माणसानं आमच्या देशात येऊ नये, असं कागदावर उघड लिहायला अडचण होती. मग काय केलं? परीक्षा ठेवली. अधिकारी पन्नास शब्द वाचणार, आलेल्या माणसानं ऐकून लिहायचे. श्रुतलेखन! भाषा युरोपातली कुठलीही, आणि ती निवडणार अधिकारी. १९०९ नंतर ह्या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही. १९३४ ला एगॉन किश नावाचा फॅसिझमविरोधी लेखक तिथं पोचला. त्याला बऱ्याच युरोपियन भाषा येत होत्या. तर त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली! नापास करायचं आधी ठरलेलं, भाषा मागून शोधली. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालली. आमच्या कानात कथील ओतणारे आणि ते पन्नास शब्द वाचणारे एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी दोघांना एकच अक्कल सुचली.

आणि आज? आपल्यातला एखादा पोरगा परदेशी शिकायला जायचं म्हणतो. सरकारची शिष्यवृत्ती आहे, बाबासाहेबांचा रस्ता आहे. तिथली विद्यापीठं म्हणतात, आयईएलटीएस द्या. अर्धा तास ऐकायचं, चाळीस प्रश्न, प्रत्येक ध्वनिफीत एकदाच. लिहायला एक तास, दोन लिखाणं. फी सतरा-अठरा हजार. निकाल दोनच वर्षं चालतो, मग परत फी. क्लासचे पैसे वेगळे. माझा महिन्याचा पगार एका परीक्षेला पुरत नाही. १९१३ साली केंब्रिजनं परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली. बारा तासांची. तीन माणसं बसली, तिघंही नापास. त्याच १९१३ ला बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. आज त्या रस्त्यावर हा टोलनाका बसलाय.

पण टोलनाक्याच्या आधीचा रस्ता कुणी खोदला ते बघा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्या बहिणीनं बारा वर्षं इंग्रजी शिकलं. बारा वर्षांत तिच्या कानावर सरळ बोललेली इंग्रजी वाक्यं किती पडली? बाईंनी धडा वाचला, मराठीत अर्थ सांगितला, उत्तरं फळ्यावर लिहिली. पोरांनी उतरवली. पत्रलेखन गाईडातून पाठ. निबंध गाईडातून पाठ. ह्याला लिहिणं म्हणतात? हा उतारा काढणं झाला. आपल्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिही म्हटलं तर पोरगी पेन खाली ठेवते, कारण तिला आजवर कुणी तिच्या मनातलं विचारलंच नाही.

विद्यापीठाची तर कमाल. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर वर्षानुवर्षं होता. त्यात ऐकण्याच्या कौशल्याचा धडा. काय धडा? ऐकण्याचं महत्त्व. ऐकण्यातले अडथळे. चांगलं ऐकण्यासाठी काय करावं. हे पाठ करा आणि लिहून द्या! पोहण्यावर निबंध लिहिला की कुंडलिका पार केल्याचं सर्टिफिकेट. अशी वर्षं गेली, आणि आता अचानक टेबलावर स्पीकर ठेवून म्हणतात, चला, ऐका.

माझं भांडण परीक्षेशी नाही. परीक्षा घ्या. आम्ही परीक्षेला भीत असतो तर महाडला तळ्यावर गेलोच नसतो. पण शिकवल्याशिवाय घेतलेली परीक्षा म्हणजे चाळणी. गिरणीत चाळणी कशासाठी असते ते मला माहीत आहे. तांदूळ वर, कणी खाली. कणी कमी किमतीत विकतात. ती आपल्यासारखेच विकत घेतात.

आता दोन जातींच्या पुढाऱ्यांना दोन शब्द.

पहिले मराठीचे कैवारी. २७ फेब्रुवारीला फेटे बांधून मायबोलीची आरती करतात, आणि यांचीच पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतात. आम्हांला सांगतात, इंग्रजी म्हणजे गुलामी. अरे, तुमची मराठी आमच्या बोलीला नाक मुरडते, 'नाय' म्हटलं की हसते, आणि आम्ही इंग्रजीकडं गेलो की तुम्हांला मायबोली आठवते? मराठी आमची आहे, तुम्ही नका शिकवू. इंग्रजीही आम्हांला पाहिजे. पूर्ण पाहिजे, पास होण्यापुरती नको.

दुसरे आपलेच. काही जण मेकॉलेचा वाढदिवस साजरा करतात. २०१० साली उत्तर प्रदेशात बांका गावात इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. भावना समजते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या काव्यफुलेमध्ये इंग्रजीला माउली म्हटलं, कारण तिच्यातून शूद्रातिशूद्राला दार उघडलेलं दिसलं. पण माउली म्हणणं वेगळं आणि मूर्ती बसवणं वेगळं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव सोडले ते नवी देवी बसवायला नाही. देवीला नवस बोलतात, देवीकडून अभ्यास होत नाही. इंग्रजी हत्यार आहे. हत्याराला हळदकुंकू वाहून धार येत नाही, घासावं लागतं.

ते कसं घासतात ते सुभेदार रामजींना विचारा. त्यांनी पोराला तर्खडकरांची भाषांतराची तिन्ही पुस्तकं घोटून घेतली. योग्य शब्द सापडेपर्यंत शोधायला लावला. फौजी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. खोली एवढीशी, पैसा नाही. म्हणून भीमराव चवदार तळ्यावर मराठीत बोलले आणि १९३० ला लंडनच्या गोलमेज परिषदेत राज्यकर्त्यांशी त्यांच्याच भाषेत. दोन्हीकडं आवाज एकच.

आणि आता जे सांगतो ते ऐकून कुणाला राग आला तर येऊ द्या. १९५५ साली बाबासाहेबांनी बीबीसीला इंग्रजीत मुलाखत दिली. गांधींबद्दल, पुणे कराराबद्दल. ती आज मोबाईलवर मिळते. खुद्द त्यांचा आवाज. आपण चौकाचौकात त्यांचं बोट वर केलेला पुतळा उभा केला, निळ्या लाईटा लावल्या, डीजे लावला. तो आवाज किती जणांनी ऐकला? ऐकलेल्यांपैकी किती जणांना खालची अक्षरं न वाचता कळला? मला नाही कळला. पहिल्यांदा लावला तेव्हा बाप बोलतोय आणि पोराला समजत नाही, असं झालं. त्या रात्री जेवलो नाही. ज्या परीक्षेत मी नापास झालो ती हीच. कॉलेजची नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, मोर्चा काढा, निवेदन द्या, जरूर. मागण्या साध्या आहेत. जे शिकवलं नाही त्याची परीक्षा नको. ऐकण्याची परीक्षा घ्यायची तर आधी वर्षभर आठवड्यातून दोन तास ऐकवा. ऐंशी पोरांत एक स्पीकर चालणार नाही. उतारा दोनदा लावा. आवाज इथल्या माणसाचाही असू द्या, लायब्ररी इथली असू द्या. आणि पाठ केलेल्या निबंधाला मार्क देणं बंद करा, पोरीच्या मनातल्या चुकीच्या वाक्याला द्या.

पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. विहारात रविवारी दोन तास काढा. एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकून लिहावं. वाचायला काय? संविधानाचं एकेक कलम. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. चुका होतील, हसू नका. जो हसेल त्याला पुढं वाचायला बसवा. रोह्याच्या फलाटावर गाडीची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते. तिसऱ्या वेळेला कान बंद करू नका, तीसुद्धा शाळाच आहे आणि फुकट आहे.

आम्ही वरसे गावात सुरू केलंय. पाच जण आहोत. पहिल्या रविवारी ती मुलाखत लावली. माझ्या बहिणीला एकच शब्द कळला, 'गांधी'. दुसऱ्या रविवारी चार-पाच शब्द. चौथ्या रविवारी तिनं वहीत तीन ओळी लिहिल्या. स्पेलिंगं निम्मी चुकलेली. पण ऐकलेलं बरोबर होतं. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "दादा, इथं ते काय बोलतात बघ."

मी बघितलं. मला ते ऐकू आलं नव्हतं. तिला आलं होतं.

जयभीम.