छोट्या हत्तीत मावणारी शकुंतला

वाशीम–रिसोड रस्त्यावरच्या रिठदला रेल्वे नाही. गाडी बघायची तर वाशीमचे स्टेशन गाठायचे. अकोला–पूर्णा मार्गावरची मीटरगेज जाऊन तिथे ब्रॉडगेज आली, तीही 2008 साली. खरी गाडी एवढी लांब, तर खेळण्याएवढी, पण हुबेहूब धावणारी गाडी किती लांब असेल? पुण्यात, कोथरूडला. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झाले. त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. तीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांची गाठ रिठदच्या बहुतेक पोरांपुरती अजून पडायची आहे. रिठदच्या घराने पोराला ते दाखवायचे ठरवले, तर आत जायच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे जाण्या-येण्यात जातात.

छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाचा सगळा आर्थिक इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो. ने-आणीचा खर्च कधीच नाहीसा होत नाही. तो कोणाच्या खिशातून जातो, एवढेच बदलत राहते.

जोशींची गाडीही आधी फिरती होती. 1980च्या दशकात त्यांनी उचलून नेता येईल अशी मांडणी तयार केली आणि हॉल घेऊन प्रदर्शने भरवली. हे काम किती जिकिरीचे, ते फळ्यांच्या सांध्यापाशी वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. मांडणी अखंड नसते. टेबलाएवढ्या फळ्या बोल्टने एकमेकींना जोडतात, आणि प्रत्येक सांध्यावर रूळ कापलेला असतो. टेम्पोत हादरे बसतात, पावसाळी हवेत लाकूड फुगते, आणि रुळाची दोन टोके अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी चाक उतरते. वरून धूळ. रुळातूनच वीज घेणारे इंजिन धुळीच्या एका थराने जागेवर थांबते, म्हणून खेळ सुरू होण्याआधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने इंच न् इंच रूळ पुसावा लागतो. फळीखालच्या तारा पुन्हा जोडायच्या, सिग्नल तपासायचे, मोडलेले खांब चिकटवायचे. दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस जातात. हॉलचे भाडे या सगळ्या दिवसांचे लागते, तिकीट मात्र दोनच दिवसांचे.

यात मजुरीचा आकडा कुठेच नाही. छंद असणाऱ्याच्या वेळेची किंमत हिशेबाच्या वहीत कोणी मांडत नाही. मांडली असती, तर असले एकही प्रदर्शन कधी फायद्यात दिसले नसते. जोशींनी शेवटी स्वतःच्या छताखाली कायमची मांडणी केली. भाडे, टेम्पो, सांध्यांची डोकेदुखी एकदम गेली. तो निर्णय शहाणपणाचाच होता, त्याशिवाय हे काम टिकलेच नसते. पण ज्या दिवशी मांडणी जागेवर स्थिरावली, त्या दिवशी प्रवासाचा खर्च भरवणाऱ्याकडून बघणाऱ्याकडे गेला.

जगातही हेच घडले. ब्रिटनमध्ये क्लबांची प्रदर्शने दोन उत्पन्नांवर चालत, दारावरचे तिकीट आणि आत गाळे मांडणाऱ्या दुकानदारांचे भाडे. मांडणी घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना मानधन नाही. फक्त गाडीचा खर्च आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय. पुढे खरेदी घरबसल्या होऊ लागली, गाळ्याचे मोल उतरले. हॉल, व्हॅन आणि मुक्काम महागच होत गेले. बर्मिंगहॅमला सुमारे तीन दशके भरणारे वॉर्ली क्लबचे मोठे प्रदर्शन 2023 साली शेवटचे झाले. तिथे जबाबदारी उचलणारी माणसेच कमी पडली. उलट हॅम्बुर्गमध्ये 2001 साली सुरू झालेले मिनिआटूर वुंडरलँड कायमच्या जागेवर वर्षाला 10 लाखांहून जास्त लोक खेचते आणि शेकडो जणांना पगार देते. जिथे पर्यटक आपल्या पैशाने चालत येतात, तिथे कायमची मांडणी भरभराटते. रिठदला पर्यटक येत नाहीत.

मालाचा हिशेबही नीट बघायला हवा. 1991च्या आधी परदेशी इंजिन आपल्याकडे यायचे ते बहुधा कोणा नातेवाइकाच्या बॅगेतून. मग बाजार उघडला. पण 2020 साली खेळण्यांवरचे सीमाशुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर गेले आणि 2023 मध्ये 70 वर. विजेवर चालणारी छोटी रेल्वे त्याच खात्यात मोडते. देशी खेळण्यांना आधार मिळावा हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे, पण 1:87 प्रमाणाचा रूळ आणि इंजिन देशात सहज मिळत नाही तोवर हा भार हौशी माणसावरच पडतो.

आणि तरीही मला वाटते की फिरती गाडी पुन्हा काढता येईल, फक्त ती लहान हवी. आपल्या भागाने फिरता खेळ पाहिलेला आहे. यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा, ट्रकमधून पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर उतरायचा. तो ने-आणीचा खर्च यात्रेची गर्दी भागवायची. रेल्वेच्या मांडणीला यात्रेची धूळ सोसवत नाही, तिला शाळेची खोली लागते. शाळेत तिकिटाची गर्दी नाही, म्हणून तिथे खर्च कमी करणे हाच मार्ग उरतो.

इथे आपल्याच जिल्ह्याची एक गाडी मदतीला येते. मूर्तिजापूर–यवतमाळ ही 113 किलोमीटरची शकुंतला वाशीम जिल्ह्यातल्या कारंजातून जायची. दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, मालकी किलिक निक्सनच्या ब्रिटिश कंपनीची, 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत सेवेत. आता गाडी बंद आहे. 762 ला 87 ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि जगात सर्वत्र मिळणारा छोटा रूळ 9 मिलिमीटरचा आहे. आपल्या ब्रॉडगेजचे तसे जमत नाही. 1676 मिलिमीटरचे 19 च्या वर होतात आणि बाजारात सहज मिळणारा त्याच्या जवळचा रूळ 16.5 चा. म्हणजे वऱ्हाडातली शकुंतला तयार रुळावर जवळजवळ खरी बसते. अख्खी लाईन त्या प्रमाणात केली तर 1,300 मीटर होईल. तेवढ्याची गरज नाही, कारंजा स्टेशन आणि दोन्ही बाजूंची थोडी शिवारे पुरेत.

फळ्या आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गाने कराव्यात, तारा वीजतंत्रीच्या मुलांनी ओढाव्यात. डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च जिल्हा नियोजनातून निघावा. जिल्ह्याच्या खर्चात तो कोणाच्या नजरेत भरण्याइतकाही नाही. मोजमाप फक्त दोन ठिकाणी काटेकोर हवे. फळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारातून आडवी न करता आत गेली पाहिजे, आणि सगळ्या फळ्या मिळून एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या हौद्यात बसल्या पाहिजेत. सकाळी वाशीमहून निघालेली गाडी प्रार्थनेच्या आधी रिठदला पोचली, तर मधल्या सुट्टीपर्यंत रूळ पुसून होतील.