पास आहे, पायरीचे काय?

कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या बसमधून मोफत प्रवास दिला. सांबऱ्याहून बेळगावच्या बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांची त्यामुळे सोय झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आंतरराज्य प्रवासाला ही सवलत नाही. निपाणी ओलांडून कोल्हापूरला लेकीकडे निघालेल्या मराठी बाईला सीमेची आठवण कंडक्टरच करून देतो!

आणि अपंगांचे काय? २०१६ च्या कायद्याने वाहतूक त्यांना सुगम करण्याचे बंधन सरकारवर घातले आहे. बसची पहिलीच पायरी गुडघ्याएवढी उंच असेल, तर खिशातला पास घेऊन त्यांनी थांब्यावरच बसून राहावे काय? नव्या गाड्या घेतानाच दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी खालच्या पायरीचा आग्रह धरावा, आणि निदान सीमाभागापुरते एकमेकांचे पास मानावेत.