सिस्टरबाई आजींना आदरांजली

मेहकर तालुक्यातील जानेफळच्या परिसरात ज्यांना लहानथोर ‘सिस्टरबाई’ म्हणत, त्या आजी नुकत्याच कालकथित झाल्या. नाव छापू नये, ही घरच्यांची इच्छा आम्ही पाळतो.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. म्हणून बर्फ भरलेला डबा खांद्याला अडकवून सिस्टरबाई भर उन्हात वाडीवस्ती गाठत. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. बूथवर न आलेली लेकरे त्या घरी जाऊन शोधत. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. या यशामागे अशा असंख्य भगिनींची पायपीट आहे.

ज्या घरांत एकेकाळी आपल्या हातचे पाणी चालत नव्हते, तेथेही जन्मलेल्या बाळाला पहिला हात सिस्टरबाईंचा लागे. त्यांनी कधी कोणाची जात विचारली नाही.

सून मजुरीला जाई, म्हणून निवृत्तीनंतर नातवंडे आजींनीच सांभाळली. आधी अभ्यास, मग खेळ, हा त्यांचा दंडक. नातीला नर्स करायचे म्हणून पेन्शनमधून दरमहा पैसे बाजूला ठेवले. नात बारावी झाली आणि नातलग म्हणू लागले, ‘आता लग्न उरकून टाका.’

बंधू-भगिनींनो, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण वेचले. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो. मग या मुलीची वाट का अडवायची? लग्न थांबेल, प्रवेशाची तारीख थांबत नाही. फीला कमी पडेल ते आपण वस्तीने मिळून भरू. आजींना आमची हीच आदरांजली.