आधी कागद, मग माईक

वाद पेटला की खेळाडूच्या मॅनेजरचा फोन येतो आणि मागणी एकच असते: तासाभरात निवेदन हवे. जनसंपर्काच्या व्यवसायातली आपण मंडळी लगेच शब्द घासूनपुसून देतो. पण नुसत्या निवेदनाने प्रतिमा किती वाचते? २०१६ सालातली दोन प्रकरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

रिओ ऑलिंपिकच्या वेळी, १४ ऑगस्टला, अमेरिकी जलतरणपटू रायन लॉक्टी याने आपल्याला बंदूक रोखून लुटल्याचे सांगितले. चारच दिवसांत पोलिसांनी पेट्रोल पंपावरच्या सीसीटीव्हीच्या आधारे ती कहाणी खोडून काढली. त्यानंतर त्याने माफी मागितली. तोवर उशीर झाला होता. २२ ऑगस्टला स्पीडो आणि राल्फ लॉरेनसह चार प्रायोजकांनी त्याची साथ सोडली.

टेनिसपटू मारिया शारापोवा शहाणी ठरली. ७ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये तिने स्वतःच पत्रकार परिषद बोलावली आणि ऑस्ट्रेलियन ओपनमधल्या उत्तेजक चाचणीत मेल्डोनियम सापडल्याचे जाहीर केले. हे औषध १ जानेवारीपासून बंदीच्या यादीत गेले होते. ती यादी आपण वाचली नाही, हेही तिने कबूल केले. नायकेने करार स्थगित केला, तोडला नाही. हेड कंपनी तर उघडपणे तिच्या पाठीशी राहिली.

आपल्याकडे या परिषदेचे गोडवे गायले जातात, पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. जूनमध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. चाचणीच्या वेळी भरायच्या फॉर्मवर तिने या औषधाची नोंदच केली नव्हती, यावर न्यायाधिकरणाने बोट ठेवले. ऑक्टोबरमध्ये क्रीडा लवादाने बंदी १५ महिन्यांवर आणली. प्रामाणिक पत्रकार परिषदेने करार सावरले. कोऱ्या रकान्याची भरपाई मात्र तिला करता आली नाही.

म्हणून कामाची सुरुवात वादाच्या आधी व्हायला हवी. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची नवी यादी दर १ जानेवारीला लागू होते. त्याआधी खेळाडूच्या औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्या. वाद उद्भवलाच, तर वकिलासमोर खेळाडूकडून सगळे ऐकून घ्या, चित्रण आणि चॅट स्वतः पाहा आणि मगच लिहायला बसा. उद्या खोटे ठरेल असे वाक्य लिहायला सांगितले, तर ते काम नाकारा. अशील गमावला तरी चालेल, पत्रकारांचा आपल्यावरचा विश्वास गमावून हा व्यवसाय करता येत नाही.