विश्वास आहे, म्हणूनच विचारते

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. चहा-पोहे झाले, भाषणं झाली आणि मग 'विद्यार्थी साहाय्य निधी' जाहीर झाला. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिला सातवीतून शाळेतून काढलं होतं, ती सल तिच्या मनात शेवटपर्यंत होती. तिच्या नावाने व्याजातून दरवर्षी एका मुलीची परीक्षा फी भरली जावी म्हणून घरखर्चातून आणि भिशीतून साठवलेले २५ हजार रुपये मी दिले. पावती मिळाली, टाळ्याही मिळाल्या.

यंदा कॉलेजात गेले तेव्हा सहज विचारलं, "आईच्या नावाने कुठल्या मुलीला मदत मिळाली हो?" कारकुनाने साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब हसून म्हणाले, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?"

प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. उलट मीच काहीतरी वावगं बोलल्यासारखी खाली मान घालून घरी आले.

आपल्या मनावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, की दिलेल्या दानाचा हिशेब विचारू नये. आणि आपण बायका तर मेथीची जुडी घेतानाही उलटून-पालटून बघतो! मग हजारो रुपये देताना तोंड का शिवून घ्यायचं?

ही गोष्ट फक्त आपल्या गावातली नाही, मैत्रिणींनो. अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे, मुष्टियोद्धा महंमद अली यांचं जन्मगाव. तिथल्या विद्यापीठासाठी देणग्या गोळा करणारं आणि सांभाळणारं एक वेगळं फाउंडेशन आहे. देणगीची मुद्दल जपायची आणि तिच्या उत्पन्नातून विद्यापीठाला मदत करायची, अशी ही पद्धत. पण विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स रॅम्से हेच फाउंडेशनचेही अध्यक्ष होते. म्हणजे मागणारा आणि देणारा एकच! वरिष्ठ अधिकाऱ्यांना फाउंडेशनमधून पगाराखेरीज मोठा मोबदला मिळत असल्याचं बाहेर आलं आणि लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

तेव्हा काही मोठे देणगीदार उघडपणे पुढे आले. जेम्स ग्रॅहम ब्राउन फाउंडेशन ही त्यातली एक जुनी दानशूर संस्था. बाहेरच्या तज्ज्ञांकडून हिशेबांची सखोल तपासणी करा, तोवर आमचा हात आखडता, असं त्यांनी सांगितलं. २०१६ मध्ये रॅम्से यांनी दोन्ही पदं सोडली. २०१७ च्या तपासणी अहवालात दिसलं, की फाउंडेशनने झेपेल त्यापेक्षा जास्त खर्च केला होता आणि त्यामुळे कायम ठेवीला गळती लागली होती. २०१८ मध्ये विद्यापीठ आणि फाउंडेशन कोर्टात गेले. रॅम्से यांनी आरोप नाकारले आणि दावा पुढे तडजोडीने मिटला. पण फाउंडेशनचा कारभार विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या हातून काढून वेगळ्या माणसाकडे दिला गेला. प्रश्न विचारले म्हणून एवढं तरी झालं.

आता माझीही एक चूक सांगते. आमच्या महिला मंडळाने एकदा मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी वर्गणी काढली होती. गल्लीतल्या एका आजींनी पन्नास रुपये दिले आणि महिन्याभराने विचारलं, "काय काय आणलंस गं?" मला रागच आला. पन्नास रुपयांसाठी एवढी चौकशी! पण घरी येऊन वही उघडली तर दोन बिलं सापडेनात. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण ते मी दाखवणार कशी? तेव्हापासून मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागतो, अगदी रिक्षाभाड्यासकट. आणि खरं सांगू? त्यानंतर वर्गणी मागताना जीभ अडखळत नाही.

म्हणून साहेबांचा मला राग नाही. त्यांनी पैसे खाल्ले असंही मी म्हणत नाही. पण "विश्वास नाही का" हे हिशेबाचं उत्तर होऊ शकत नाही. सार्वजनिक ट्रस्टला तपासलेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. सरकारला दाखवायचे ते कागद देणाऱ्याला दाखवायला संकोच कसला?

काही जणी म्हणतील, मग देऊच नये! तेही मला पटत नाही. साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांनी कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिलं. अशा देण्यावर आपल्याकडची किती मुलं शिकली! हात आखडला तर साहेबांचं काही बिघडत नाही, फी अडते ती एखाद्या पोरीची. जो हिशेब लपवतो, तो पुढच्या देणाऱ्यालाही घाबरवतो. खरं नुकसान तिथे होतं.

मी आता कॉलेजला रीतसर पत्र दिलं आहे आणि त्याची पोच घेतली आहे. तीनच प्रश्न विचारलेत. रक्कम कुठल्या खात्यात आहे? व्याज किती झालं? फी कुणाची भरली? यंदा द्यायचे म्हणून बाजूला काढलेले पाच हजार पोस्टातच ठेवलेत. उत्तर आलं की त्याच दिवशी नेऊन देईन. नाहीच आलं, तर एखाद्या मुलीबरोबर स्वतः फीच्या खिडकीशी उभी राहीन.

तुम्हीही शाळेला, देवळाला, मंडळाला देत असाल. जरूर द्या. पण पावती घ्या आणि वर्षाने एकदा तरी "काय काय आणलंत?" असं विचारा. त्या आजींनी मला विचारलं होतं ना, अगदी तसंच.